उसन्या बुद्धीचे स्वावलंबन

व्यवसायशिक्षणात कृत्रिम बुद्धिमत्ता आली की खेड्यातला तरुण नोकरी मागणारा न राहता नोकरी देणारा होईल, हे वाक्य अलीकडे इतक्या व्यासपीठांवरून ऐकू येते की ते गुळगुळीत झाले आहे. त्याला हरकत घेणे म्हणजे प्रगतीला हरकत घेणे, असाही समज रूढ झाला आहे. आम्ही हरकत घेत आहोत. यंत्राला नव्हे, 'स्वावलंबन' या शब्दाच्या गैरवापराला.

हा शब्द आपल्याकडे स्वस्तात आलेला नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेत शेतीचे ज्ञान मागितले. १९३७च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणला. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पाबळला विज्ञान आश्रम उभारला. या तिघांच्या भूमिका एक नव्हेत. पण वस्तू हातून बिघडते, आणि ती का बिघडली हे शोधताना माणूस शिकतो, हे कर्मशाळेतले शिक्षण विचारण्याआधीच तयार उत्तर पुढे ठेवून कसे होणार?

बँकेच्या कर्जासाठी लागणारा प्रकल्प अहवालच घ्या. पूर्वी तो झेरॉक्सच्या दुकानात नाव बदलून मिळे. आता यंत्र तो क्षणात लिहून देते, आणि अधिक देखणा. गावात उधारी कोण बुडवतो, पावसाळ्यात गिऱ्हाईक किती रोडावते, हे त्यात तेव्हाही नसे, आताही नाही. उद्योजकता मात्र नेमकी तिथेच असते.

आणि भाषा? औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या कागदावर 'जोडारी', 'संधाता', 'कातारी' असतात. दाराच्या आत पाऊल टाकताच ते फिटर, वेल्डर, टर्नर होतात. कानस, ऐरण, सांडशी हे शब्द निदान कोशात सापडतात. पण कानस कशी 'चालते' आणि कधी नुसती 'घसरते', हे उस्तादाच्या तोंडीच आहे. यंत्र शिकते ते प्रामुख्याने लिखित मजकुरावर. जे लिहिलेच गेले नाही, ते त्याला कुठून येणार? (मराठी विभागांना प्रबंधांचे नवे विषय हवे असतील, तर रस्त्यापलीकडच्या कर्मशाळेत ते पडले आहेत.)

निदेशकाची जागा रिकामी असेल तिथे यंत्र काय वाईट, असे विचारले जाते. हा प्रश्न निरागस नाही. पर्याय मिळाला की रिकामी जागा कायमची रिकामी राहते, हे महाविद्यालयांतल्या तासिका तत्त्वावरील नेमणुकांनी आपल्याला पुरेसे शिकवले आहे.

तेव्हा जागा आधी भराव्यात. प्रकल्प अहवाल विद्यार्थ्याने चार गिऱ्हाइकांना आणि एका सावकाराला भेटून, स्वतःच्या मोडक्यातोडक्या मराठीत लिहावा. मग तो यंत्रापुढे ठेवून हिशेबातल्या चुका खुशाल काढून घ्याव्यात.