टेम्पो दारापर्यंत आला, पुढचे 30 फूट कोणाचे?

द्राक्षाचा हंगाम उरकला, बेदाण्याचे चार पैसे हातात आले की मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ, जत भागात वस्तीवरच्या शेडमध्ये कुठे लेथ येतो, कुठे पिलर ड्रिल, कुठे पिठाची नाहीतर मसाल्याची गिरणी. ब्लोअरची दुरुस्ती, ट्रॉलीचे वेल्डिंग, पंपाचे शाफ्ट ही कामे आता तालुक्याला न जाता गावातच होऊ लागली आहेत. शेतीला जोड म्हणून पोराने शेड टाकली तर त्यात वावगे काहीच नाही, उलट चांगलेच आहे.

पण या सगळ्यात एक जागा अशी आहे की तिकडे कोणाचेच लक्ष नाही. कोल्हापूर, कुपवाड नाहीतर थेट राजकोटहून निघालेले यंत्र टेम्पोने दारापर्यंत येते. दारापासून शेडमधल्या पायापर्यंतचे 30 फूट मात्र रामभरोसे.

दहा जण जमले म्हणजे ताकद वाढली का?

चित्र नेहमीचेच. टेम्पो येतो, ड्रायव्हरला परतीची घाई. फोन जातात, शेजारचे, भावकीतले आठ-दहा जण जमतात. एक पहार, ट्रॉलीचा दोर, दोन पाइप. "घ्या, होऊन जाईल" म्हणत काम सुरू होते. सावडीची सवय चांगली आहे, पण ती पेरणीला आणि स्लॅबला. टनाच्या लोखंडाला ती पुरत नाही.

साधा हिशेब करावा. सहा फुटी लेथ बांधणीनुसार अर्ध्या टनापासून टनापर्यंत भरतो. 800 किलोचा लेथ आठ जणांनी धरला तर कागदावर माणशी 100 किलो होतात. बाजार समितीत पोते 50 किलोचेच असावे यासाठी हमालांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला. इथे त्याच्या दुप्पट वजन हौसेने उचलले जाते. त्यात लेथचे वजन सारखे वाटलेले नसते. चक आणि गिअर असलेली हेडस्टॉकची बाजू सर्वांत जड. त्या कोपऱ्यावरच्या दोघांवर इतरांपेक्षा कितीतरी जास्त भार येतो. त्यातल्या एकाचा पाय घसरला की त्याचा वाटा त्याच क्षणी दुसऱ्यावर जातो. तोही सोडतो. मग धूड कोणत्या बाजूला जाईल ते कोणाच्याच हातात राहत नाही.

दुसरी गोष्ट, ही यंत्रे वर जड आणि खाली अरुंद. पिलर ड्रिल तर उभ्या खांबासारखेच. थोडे कलले तरी ते परत येत नाही, पडते. पडणारे यंत्र हाताने सावरायला जाणे हीच सर्वांत मोठी चूक. पडले तर पडू द्यावे, लोखंड वेल्ड होते.

चेन ब्लॉक टनाचा, पण टांगला कशाला?

हल्ली बऱ्याच जणांकडे चेन ब्लॉक असतो. त्यावर 1 टन लिहिलेले असते म्हणून निर्धास्त वाटते. पण तो आकडा चेन ब्लॉकचा आहे, तो ज्याला टांगला त्याचा नाही. पत्र्याच्या शेडची कैची पत्रा आणि वारा-पाऊस झेलण्यासाठी केलेली असते. तिच्या मधोमध टनाचे वजन लटकवले की अँगल वाकतो, वेल्डिंग सुटते आणि यंत्राबरोबर छतही खाली येते. टांगायचेच तर जमिनीवर स्वतंत्र उभी केलेली, जाड चॅनलची घोडी हवी. तिचे पाय सरकू नयेत म्हणून खालून एकमेकांना बांधलेले हवेत.

पट्ट्याचेही तसेच. दोन पट्टे उभे सरळ असतील तर 1000 किलोत प्रत्येकावर 500 किलो येतात. पण हुक खाली ठेवून पट्टे फाकवले की ताण वाढतो. पट्टा आडव्या रेषेशी 60 अंशात असेल तर प्रत्येकावर सुमारे 577 किलो, 45 अंशात सुमारे 707 आणि 30 अंशात पुरे 1000 किलो. म्हणजे दोन पट्टे लावूनही एकट्या पट्ट्यावर सगळ्या यंत्राइतका ताण. शेडची उंची कमी म्हणून पट्टे फाकवणारे नेमके इथेच फसतात.

लेथ उचलण्याआधी सॅडल आणि टेलस्टॉक मागे सरकवून तोल साधावा आणि दोन्ही घट्ट आवळावेत. पट्टा लीड स्क्रूवर किंवा हँडलवर येऊ देऊ नये. आधी फक्त दोन इंच उचलून थांबावे. एक बाजू खाली गेली तर परत ठेवून पट्टा बदलावा.

जेसीबी, हायड्रा आणि वरची तार

गावात जेसीबी सहज मिळतो, म्हणून बकेटच्या दाताला साखळी अडकवून यंत्र उतरवले जाते. बकेट माती उकरायला असते. दातावरून साखळी सरकते आणि एका झटक्यात भार सुटतो. हायड्रा क्रेन योग्यच, पण तिचे भाडे तालुक्यापासून धरले जाते, म्हणून लोक टाळतात. ती आणलीच तर तीन गोष्टी पाहाव्यात. जमीन कठीण आहे ना, कारण पाणी दिलेल्या काळ्या रानात चाक रुतले की क्रेन कलते. यंत्र जमिनीलगत ठेवूनच चालवले जाते ना. आणि सर्वांत महत्त्वाचे, वर विजेची तार आहे का. वस्तीवर शेडच्या डोक्यावरूनच तार जाते. तशी असेल तर महावितरणकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय बूम वर करू नये. हेलकावे आवरायला यंत्राला लांब दोर बांधावा, कोणी हात लावून सोबत चालू नये.

क्रेन नसेल तर जुनीच रीत, पण सबुरीने. जॅकने एका बाजूला इंचभर उचलायचे, लगेच लाकडी ठोकळा सारायचा, मग दुसरी बाजू. यंत्र नुसत्या जॅकवर कधी ठेवायचे नाही. बोटे यंत्राखाली कधी घालायची नाहीत. पाइप सारायचा तर काठीने सारायचा. उतारावरून घेताना खालच्या बाजूला कोणी उभे राहायचे नाही आणि मागून दोर एखाद्या पक्क्या खांबाला वेढा मारून हळूहळू सोडायचा. हुकूम देणारा एकच माणूस असावा. दहा जण "धर, धर" ओरडले की कोणालाच काही ऐकू येत नाही.

पाया आधी, यंत्र मग

आपल्याकडे यंत्र आधी येते आणि पाया मागून होतो, म्हणून तेच धूड दोनदा हलवावे लागते. धोकाही दुप्पट. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत नुसता कोबा टाकून भागत नाही. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणसळ लावून बसवलेला लेथ वर्षात पिळतो. मग कारागिराला वाटते यंत्रच वाईट. काळी माती उकरून खाली मुरूम किंवा पक्की भर, वर काँक्रीट, बोल्टांच्या जागा सोडलेल्या, आणि काँक्रीट पुरते पिकल्यावरच टेम्पो बोलवावा. जत, आटपाडीच्या मुरमाड माळावर हा त्रास कमी आहे, इतकेच.

कोटेशनमध्ये एक ओळ कमी

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात 25 ते 35 टक्के अनुदान मिळते. अन्नप्रक्रियेच्या योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाख. कागदपत्रे, कोटेशन, बँक, पडताळणी, सगळे होते. पण पडताळणीला येणारा यंत्र जागेवर आहे का हे बघतो. ते जागेवर कसे आले हे कोणी विचारत नाही. अनेक कोटेशनच्या तळाला 'उतरवणे व बसवणे ग्राहकाकडे' असे बारीक अक्षरात असते.

कायद्याचीही तीच गत. 1948 च्या कारखाना कायद्याने चेन, दोर आणि उचलण्याची साधने 12 महिन्यांतून एकदा जाणकाराकडून तपासण्याची अट घातली. 1969 चा माथाडी कायदा नोंदीत हमालांसाठी आहे. घराशेजारच्या दोन-तीन माणसांच्या शेडला पहिला लागू होत नव्हता, आणि मदतीला आलेला शेजारी दुसऱ्यात बसत नाही. त्याचा पाय चिरडला तर दवाखान्याचा खर्च शेडवाल्याने द्यायचा की त्याने स्वतः, यावरून भावकीत कायमची तेढ पडते. ज्याने मदत केली त्याच्याशीच वैर.

उपाय फार खर्चिक नाहीत. कोटेशन घेतानाच 'उतरवून पायावर बसवून देणे' ही ओळ आणि तिची रक्कम लिहून घ्यावी, म्हणजे क्रेनचे भाडे प्रकल्प खर्चात धरता येते का हे बँकेला आधीच विचारता येईल. गावोगावच्या अवजार बँकांत रोटाव्हेटर आणि पेरणी यंत्र आहे. तिथेच एक चेन ब्लॉक, एक घोडी, दोन जॅक, पट्टे आणि ठोकळे ठेवले तर पंचक्रोशीचे काम भागेल. विहिरीतला पंप काढायलाही तेच सामान लागते. आणि मदतीला येणाऱ्या प्रत्येकाचा वर्षाला 20 रुपयांचा सुरक्षा विमा चालू आहे का, हे विचारायला लाजू नये. अपघाती मृत्यूला त्यात 2 लाख मिळतात.

लाखाचे यंत्र घेताना दोन हजारांसाठी घासाघीस होते आणि क्रेनचे भाडे वाचवले म्हणून समाधान मानले जाते. ते भाडे वाचत नाही. ते शेजाऱ्याच्या पाठीवर आणि पायावर टाकलेले असते. टेम्पोवाल्याची घाई ही त्याची घाई आहे. यंत्र एक रात्र ताडपत्रीखाली राहिले तर काही बिघडत नाही.