निळ्या पडद्यावरचा अभ्यासक्रम

सुट्टीत गावी, पिशोरला आलो की इंजिनिअरिंगची पोरं लॅपटॉप घेऊन येतात. अजूनही काहींच्या पडद्यावर तोच निळा टर्बो सी++, डॉसबॉक्समध्ये कोंबून चालवलेला. सी++चं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक १९९८चं. टर्बो त्याच्याही आधीचा! तिथल्या सवयी नव्या कंपायलरवर पहिल्याच ओळीला अडतात.

अभ्यासक्रमातल्या पन्नास ओळींच्या प्रोग्रॅमला नोटपॅडही पुरतं. लाखो ओळींच्या प्रकल्पात मात्र लिहिणं कमी, शोधणं जास्त. हे फंक्शन कुठं लिहिलंय, कोण वापरतंय, नाव बदललं तर काय मोडेल? साधा शोध नुसती अक्षरं जुळवतो. इंटेलिजेसारखा आयडीई, म्हणजे कोड लिहिण्या-तपासण्याचं एकत्रित साधन, कोडची रचना समजून त्याची सूची ठेवतो. ती सूची रॅम खाते, चार जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर इंटेलिजे धापा टाकतो, हे मान्य. म्हणूनच मायक्रोसॉफ्टनं २०१६ साली खुला केलेला लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल मला मोलाचा वाटतो: भाषेची जाण वेगळ्या प्रोग्रॅमकडे, एडिटर आपल्या पसंतीचा, व्हीएस कोड असो की व्हिम. (जावाचा सर्व्हरही रॅम मागतोच, पण ते असो.)

खरं काम असं शोधण्याचं असेल, तर प्रात्यक्षिक परीक्षेला पाठ केलेला प्रोग्रॅम कशाला? दुसऱ्यानं लिहिलेला मोठा, खुला प्रकल्प द्या, त्यातली एक चूक शोधायला लावा आणि गुण त्याचेच द्या.