आयत्या वेळचे विषय

पहाटे साडेचारच्या सुमारास आमच्या गल्लीच्या तोंडाशी लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येतो. वॉलमन मामा खड्ड्यावरचं झाकण सरकवतात, आपल्या कमरेइतक्या उंचीची चावी आत उतरवतात आणि आटे मोजत फिरवायला लागतात. अकरा आटे. मी एकदा विचारलं, "मामा, पूर्ण का नाही उघडत?" म्हणाले, "पूर्ण उघडलं तर तुमच्याकडं नळाला फेस येईल अन् वरच्या वस्तीत थेंब नाही जायचा. मग त्या बाया माझ्या घरी यायलेत." हा अकराचा आकडा कुठल्या नकाशात नाही, टेंडरात नाही, ठरावातही नाही. मामांच्या मनगटात आहे. मामा रजेवर गेले की बदली माणूस नऊ आटे फिरवतो आणि सकाळी सातला वॉर्डाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर महाभारत सुरू होतं.

हिंगोली जिल्ह्यात हिंगोली, वसमत आणि कळमनुरी अशा तीन नगरपालिका आहेत. औंढा नागनाथ आणि सेनगावला नगरपंचायती. यातलं माझं गाव कोणतं ते विचारू नका. पुढं थोडं गाऱ्हाणं आहे आणि मला त्याच खिडकीवर पुन्हा उभं राहायचं आहे.

2016 ला निवडून आलेल्या नगरपालिकांची मुदत 2021 च्या अखेरीस संपली. आरक्षणाचा वाद कोर्टात, निवडणूक लांबणीवर, आणि कारभार प्रशासकाकडं. असं करता करता जवळजवळ चार वर्षं गेली. आधी आम्हाला वाटलं, आता गाव बसणार. तसं काही झालं नाही. मामांचे अकरा आटे चालू राहिले. घंटागाडी येत राहिली. जन्माचे दाखले मिळाले, मेलेल्यांचे मिळाले. चहाच्या टपरीवर एक जण तर म्हणाला, "बरंय की, नगरसेवक नाहीत तर भांडणं नाहीत." मलाही ते पटलं होतं, हे कबूल करतो. वर्ष-दीड वर्ष पटलं होतं.

मग मुतारीची कडी तुटली.

याला थोडी मागची हकीकत आहे. आमच्या आठवडी बाजारात बायकांसाठी मुतारी आहे. दार पत्र्याचं, आतून कडी नव्हती. खेड्यातून भाजी घेऊन आलेल्या बाया जोडीनं जायच्या, एक आत, एक दार धरून बाहेर. कित्येक वर्षं हे असंच. त्या वेळी मी एका पेपराची वार्ताहरकी करायचो, म्हणून सर्वसाधारण सभेला मागच्या खुर्चीवर बसलेलो असायचो. कायद्यानं ही सभा दोन महिन्यांतून एकदा घ्यावी लागते. विषयपत्रिका ठरलेली. विषय क्रमांक एक, मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे. त्यावर तासभर वाद, कारण मागच्या सभेत कोण काय बोललं हे प्रत्येकाला वेगळं आठवतं. पुढच्या विषयांना मात्र पंख फुटतात. रस्ता, नाली, एलईडी दिवे, जेसीबीचं भाडं. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. लाखांची कामं इतकी भरभर जातात की लिहून घेताना पेन पुरत नाही. आणि सगळ्यात शेवटी, चहा-फरसाण वाटून झाल्यावर, अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळचे विषय.

त्या दिवशी मागच्या रांगेतल्या एक नगरसेविका उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, त्यातून निवडून आलेल्या. गावात लोक त्यांच्या यजमानांनाच 'नगरसेवक' म्हणून नमस्कार घालायचे आणि तेही तो खुशाल घ्यायचे. बाईंना सभेत बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. म्हणाल्या, "बाजारातल्या मुतारीला कडी बसवा." सभागृह हसलं. कुणीतरी म्हणालं, "ताई, हा काय सभेचा विषय आहे का?" त्यावर त्यांनी जे उत्तर दिलं ते मला शब्दशः आठवतं: "मग कुठला विषय आहे सांगा, तिथं मांडते." हसू थांबलं. ठरावाची गरजच पडली नाही. चौथ्या दिवशी बांधकामाचा एक माणूस स्क्रू आणि कडी घेऊन गेला. नाल्याच्या लाखांच्या कामाची बातमी पहिल्या पानावर लागली. कडीची मी दिलीच नव्हती, तेव्हा ती कुठं लागणार?

प्रशासकाच्या काळात तीच कडी तुटली. मी रीतसर अर्ज लिहिला. आवक-जावकच्या खिडकीवर शिक्का बसला, क्रमांक पडला. महिन्यानं गेलो तर अर्ज स्वच्छता विभागात होता. पुन्हा गेलो तर बांधकामात. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा लिपिक अगदी आदबीनं म्हणाले, "सर, ही दुरुस्ती की नवीन काम, हे आधी ठरायला पाहिजे. हेड वेगळं लागतं." त्यांचा मला राग आला नाही. हेड चुकलं तर ऑडिटला उत्तर त्यांनाच द्यावं लागणार. प्रशासक साहेबांकडं आणखी चार्ज होते, आणि माणूस कामाचा होता, फायली तुंबू देत नव्हता. पण त्यांना शुक्रवारी बाजारात अडवून "साहेब, इकडं या जरा" म्हणायची कुणाची टाप होती? नगरसेवक लग्नात भेटतो, मौतीला भेटतो, कटिंगच्या दुकानात तोंडाला साबण लावलेला भेटतो. पळून जाऊ शकत नाही.

पैशाची गोष्टही अशीच दूर गेलेली आहे. 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला, गावात फटाके फुटले. त्याच वर्षी राज्यातल्या नगरपालिकांची जकात बंद झाली, त्याचे फटाके व्यापाऱ्यांनी फोडले. नाक्यावर रोज पडणारी रोकड गेली आणि तिच्या जागी सरकारचं अनुदान आलं. तेव्हापासून पगाराची तारीख मुंबईकडं बघते. वित्त आयोगाचा पैसा येतो, पण तोही गाठ मारून: पंधराव्या आयोगानं शंभरातले साठ पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिले. उरली स्वतःची कमाई म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं. ती गोळा करायची म्हणजे मार्च महिना.

मार्चमध्ये वसुली पथक दारात येतं. चार माणसं, एक रजिस्टर, एक पावतीपुस्तक, आता एक मशीन. चौघंही आपल्याच गावचे. त्यातला एक माझा विद्यार्थी, त्यामुळं त्याची पंचाईत माझ्यापेक्षा मोठी. थकलेल्या रकमेवर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला चोवीस. सावकारालाही लाज वाटावी. पण गावात हिशेब उलटा चालतो: शास्ती कधीतरी माफ होईल या आशेवर लोक मुद्दलही ठेवतात, आणि खरोखर कधीतरी अभय योजना येते. मग मार्चच्या मार्च भरणारा, माझ्यासारखा, बावळट ठरतो. बावळट म्हणालो खरं, पण आमच्या घराची पावती अजून आजोबांच्या नावानं फाटते. आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली. फेरफाराचा अर्ज दरवर्षी 'या दिवाळीनंतर' करायचा असतो. पोरगं पावती देताना दरवेळी म्हणतं, "सर, आजोबांनी यंदाही वेळेत भरली बरं का."

जुन्या उर्दू कागदांत नगरपालिकेला बलदिया म्हटलेलं आढळतं. आपण निजामाच्या मुलखातले. माझी आजी शेवटपर्यंत तोच शब्द वापरायची, आणि तिच्या तोंडी तो शब्द म्हणजे एखाद्या तापट पाहुण्याचं नाव वाटायचं. "बलदियानं आज पाणी नाही सोडलं." जणू रुसलाय.

2025 च्या डिसेंबरात अखेर मतदान झालं, 21 तारखेला मोजणी झाली, गुलाल उधळला. नगराध्यक्ष थेट लोकांतून. आमच्या प्रभागातून जो निवडून आला तो तिशीतला पोरगा, मोबाइलचं दुकान आहे. प्रचारात त्यानं चोवीस तास पाणी देईन असं छापलं होतं. निकालानंतर आठवड्याभरातच मी त्याला कडीची गोष्ट सांगितली. त्यानं ती मोबाइलमध्ये लिहून घेतली. कडी अजून बसायची आहे. पण आता मला तो दुकानात सापडतो, आणि मी रोज रिचार्जच्या निमित्तानं जातो. बायकोला हे माझं जाणं गोरगरिबांचा कैवार वाटत नाही, रिचार्जचा खर्च वाटतो.

परवा पहाटे पुन्हा तो लोखंडाचा आवाज आला, पण बरोबर बोलण्याचाही. खिडकीतून पाहिलं तर मामांच्या शेजारी मफलर गुंडाळून आमचा नगरसेवक. वरच्या वस्तीतल्या बाया आदल्या दिवशी त्याच्या घरी जाऊन आल्या होत्या, असं नंतर कळलं. तो वाकून खड्ड्यात बघत होता.

"मामा, चोवीस तास करायचं तर हे उघडंच ठेवायचं का?"

मामा काही बोलले नाहीत. आटे मोजत होते.

"आणा चावी, मी फिरवतो."

मामांनी चावी दिली नाही. खिशातली बॅटरी काढून त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "इकडं धरा, साहेब. सात झाले, चार राहिले."