मजुरी खाली का येत नाही?

आवक वाढली की कांद्याचा भाव सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. मजुरीचे तसे नसते. ती चढते, पण उतरायचे नाव घेत नाही.

1925 साली मुंबईच्या गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. कामगारांनी सप्टेंबरात संप पुकारला. डिसेंबरात सरकारने कापडावरील अबकारी कर स्थगित केला, तेव्हा कपात मागे घेतली गेली.

गिरणगावात माणसे एकजुटीने उभी राहिली, हे समजू शकते. पण शेतमजुराची कुठली आली युनियन? तरीही अर्थशास्त्रज्ञ सुप्रीत कौर यांच्या 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतीय खेड्यांतही हेच दिसले. चांगल्या पावसाच्या साली वाढलेली मजुरी पुढे पाऊस नेहमीसारखा झाला तरी उतरत नाही. कपात मजुराला अन्याय वाटते, आणि दुखावलेला मजूर मन लावून काम करत नाही, हे शेतकरी ओळखून असतो.

मग तोटा जातो कुठे? कामाच्या दिवसांत! दर तोच राहतो, बोलावणे कमी होते. भूमिहीन घरी बसतो. महागाईच्या काळात ही झळ कमी लागते, कारण मजुरीचा आकडा न बदलताही तिची किंमत घटते. (कपातीची ही चोरवाट!)

म्हणूनच 'थोडे कमी घ्या, काम मिळेल' असा उपदेश करणाऱ्यांशी माझे जमत नाही. एकटा मजूर दर पाडू शकत नाही. गावात तोंड दाखवायचे असते. 1977 साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, तो माझ्या मते या रिकाम्या दिवसांवरचा खरा उतारा. भांडायचेच तर हमीचे काम वेळेवर का निघत नाही, यावर भांडावे.