माळ्यावरचे संगीत

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या शहरांतील जुन्या इमारती एकामागून एक पाडल्या जात असून त्यांच्या जागी उंच मनोरे उभे राहत आहेत. पुनर्विकासाच्या या धांदलीत काय न्यावे आणि काय टाकावे, हा प्रश्न घरोघरी पडतो. अशा वेळी आजोबांच्या ध्वनिमुद्रिकांचे व कॅसेटींचे खोके माळ्यावरून खाली येते आणि वाजविण्याचे यंत्र घरात नाही म्हणून रद्दीवाल्याच्या तराजूत जाऊन बसते. ही हानी एका कुटुंबाची नसून साऱ्या शहराची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

असे खोके एकट्याच्या आवडीने क्वचितच भरते. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. तेवढ्यात अब्दुल करीम खाँसाहेबांनी, हिराबाई बडोदेकरांनी राग उभा केला. त्यांतील कोणते आधी ऐकावे, हे एक रसिक दुसऱ्यास सांगे. सकाळच्या लोकलमध्ये नाव निघावे, संध्याकाळी मुद्रिका मागून आणावी, आणि कॅसेट आल्यावर तिची नक्कल उतरवून तिसऱ्यास द्यावी, असा तो व्यवहार होता. वेष्टनावर बारीक अक्षरात लिहिलेले राग, साथीदार व मैफलीची तारीख हा त्याचाच जमाखर्च होय.

आज हे काम मोबाइल करतो, आणि त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. गाडीत उभ्या उभ्या मल्लिकार्जुन मन्सूर ऐकावेत आणि आवडलेली चीज क्षणात मित्रास धाडावी, हे भाग्य मागील पिढीस कोठे होते? परंतु यंत्राची शिफारस बहुतांशी पूर्वी ऐकलेल्याच्या आधारे चालते. ‘आज रुचणार नाही, तरी पुन्हा ऐक,’ असे बजावण्याचा अधिकार मित्राचाच. शिवाय घरगुती मैफलीची जी एकुलती एक फीत माळ्यावर पडली आहे, ती यंत्रास ठाऊकच नाही. मग तो तिची शिफारस करील कशी?

या शहरांना सामुदायिक रसिकतेची परंपरा नवी नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, कल्याण गायन समाज १९२६ चा. पंडित राम मराठे ठाण्यातच राहिले व त्यांच्या स्मरणार्थ ठाणे महापालिका संगीत समारोह भरविते. ग्रंथांसाठी पूर्वजांनी जे केले, ते ध्वनीसाठी करणे आज अशक्य आहे काय? वाचनालयांनी एकेक श्रवणकक्ष उघडावा, खोकी स्वीकारावीत, वेष्टनांवरील मजकुराची नोंद करावी आणि महिन्यातून एकदा जाणत्या श्रोत्याने निवडलेली गाणी सर्वांनी मिळून ऐकावीत. मुंबईत १९९० साली ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची संस्था स्थापन झाली. त्या अनुभवाचा लाभ घेता येईल.

कायद्याची अडचण पुढे केली जाईल. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे सर्वांत जुन्या मुद्रिका त्यातून मोकळ्या झाल्या आहेत. खासगी मैफलींच्या फिती मात्र कलावंतांच्या वा त्यांच्या वारसांच्या संमतीवाचून वाटता कामा नयेत. पण जतन करणे आणि वाटणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. संमती उद्या मिळविता येईल. रद्दीत गेलेली फीत परत मिळविता येणार नाही. म्हणून घर रिकामे करणाऱ्या प्रत्येकास आमची विनंती आहे, की रद्दीवाल्यास हाक मारण्यापूर्वी एखाद्या जाणत्या रसिकास हाक मारावी.