ऐकू येतं, पण उमगत नाही

‘आजोबांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं,’ असं घरोघरी सहज म्हटलं जातं. यात आजोबांचा हट्ट नसतो. अंतर्कर्णातल्या केशपेशी वयानुसार झिजतात आणि पुन्हा तयार होत नाहीत. उच्च पट्टीचे ध्वनी आधी हरवतात. म्हणून ‘स’, ‘फ’सारखी व्यंजनं निसटतात. त्यात मिक्सर सुरू असेल, तर ‘साठ’ म्हटलं की ‘पाठ’ हे नुसतं ऐकून कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार साठीपुढच्या 25 टक्क्यांहून अधिक लोकांना दैनंदिन व्यवहारात अडसर ठरणारा बहिरेपणा असतो. आज मुलं परगावी, परदेशी आहेत. अनेक आईवडिलांचा त्यांच्याशी दुवा म्हणजे फोन. तोच नीट ऐकू येईनासा झाला, की माणूस हळूहळू बोलणंच टाळू लागतो.

म्हणून हा अंक वाढत्या वयातल्या ज्ञानेंद्रियांविषयी. कानांबरोबरच चाळिशीनंतर ताठर होणारं डोळ्यातलं भिंग, मंदावणारा वास, त्यामुळे अळणी वाटणारी आमटी आणि कमी होणारी तहान यांबद्दल आम्ही लिहिलं आहे. वयाचं रडगाणं आम्हाला गायचं नाही. श्रवणयंत्र वेळेवर लावणं, जिन्यात चांगला दिवा बसवणं, तहान नसतानाही पाणी पिणं, ज्येष्ठांशी समोर बसून सावकाश बोलणं, हे आजच करता येण्याजोगं आहे.

तुमच्या घरात कोणते बदल उपयोगी पडले? आम्हाला जरूर लिहा. निवडक पत्रं पुढील अंकात छापू.