पैसे मिळाले, करार कधी?

२०२५ च्या एप्रिलमध्ये टेनेसी विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू, निको इयामालेआवा एका शुक्रवारी सरावाला फिरकला नाही. मानधन वाढवून मिळावं म्हणून बोलणी चालू असल्याच्या बातम्या होत्या, ती फिसकटली. दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक जॉश ह्युपेल यांनी पत्रकारांना सांगून टाकलं, की संघ आता त्याच्याशिवाय खेळेल. निको लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात दाखल झाला. तिथे जोई अगिलार नावाचा क्वार्टरबॅक होता. ॲपलेशियन स्टेट विद्यापीठ सोडून तो नुकताच, काही महिन्यांपूर्वी, यूसीएलएत आला होता. आता त्याची जागा धोक्यात आली. त्यानं ट्रान्सफर पोर्टलवर, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, पुन्हा नाव टाकलं आणि तो थेट टेनेसीला गेला, निकोच्या रिकाम्या झालेल्या जागेवर. एकमेकांपासून फार दूर असलेल्या विद्यापीठांनी महिनाभराच्या आत आपापले क्वार्टरबॅक बदलून घेतले. दोघेही विद्यार्थी, आणि हे सगळं ऐन सत्रात.

शिव्या खाल्ल्या त्या एकट्या निकोनं. पोरगं हावरट निघालं, निष्ठा राहिली नाही, पैशानं खेळ नासवला, असं जाणकारही बोलले. मला हे अजिबात पटत नाही. जोई अगिलारनं कुणाकडे काही मागितल्याची बातमी नव्हती, तरी त्यालाही बिऱ्हाड उचलावं लागलं. दोष एखाद्या मुलाच्या हावेत असता तर दुसऱ्याचं असं झालं नसतं.

हा फुटबॉल म्हणजे आपल्या मडगाव-कोल्हापूरचा नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन, एकमेकांच्या अंगावर आदळत खेळायचा हा खेळ अमेरिकेत विद्यापीठांच्या नावानं खेळला जातो आणि गावंच्या गावं त्यासाठी जीव टाकतात. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाख सात हजारांहून जास्त माणसं बसतात. टीव्हीचे हक्क अब्जावधी डॉलरना विकले जातात. आणि शंभरहून अधिक वर्षं या धंद्यातला एकच माणूस बिनपगारी होता: मैदानावरचा खेळाडू. त्याला फी माफ, राहणं-जेवण फुकट. त्यापलीकडे नावावर दहा डॉलर कमावले तरी बंदीची भीती. २००५ साली कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन करंडक जिंकलेल्या रेजी बुशला नियमाबाहेर घेतलेल्या लाभांपायी तो करंडक सोडावा लागला. तो परत मिळाला २०२४ साली, म्हणजे नियमच बदलून गेल्यावर.

या नियमाच्या मुळाशी काय होतं ते बघण्यासारखं आहे. १९५५ साली कोलोरॅडोतल्या एका लहान कॉलेजचा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीनं कामगार-नुकसानभरपाई मागितली. १९५७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती नाकारली, कारण कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही. एनसीएए या कॉलेज-क्रीडा संघटनेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी ‘विद्यार्थी-खेळाडू’ ही संज्ञा याच काळात रूढ केली. खेळाडू कामगार ठरू नयेत म्हणून हे केलं, अशी कबुली त्यांनीच निवृत्तीनंतर आपल्या पुस्तकात दिली. त्या विधवेला पैसे मिळाले नाहीत आणि पुढच्या पिढ्यांना मागण्याचा हक्कही उरला नाही.

बांध फुटला तो २०२१ मध्ये. जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ऑल्स्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य असा निकाल एनसीएएच्या विरोधात दिला. १ जुलैपासून खेळाडूंना आपलं नाव, चेहरा आणि प्रसिद्धी विकायला मुभा मिळाली. जाहिराती हे त्याचं सोज्ज्वळ रूप. प्रत्यक्षात श्रीमंत माजी विद्यार्थ्यांनी ‘कलेक्टिव्ह’ नावाचे निधी उभे केले आणि त्यातून खेळाडूंना पैसे जाऊ लागले. त्याच वर्षी आणखी एक नियम सैलावला. पूर्वी कॉलेज बदललं की वर्षभर बाकावर बसावं लागे. आता एकदा बदलायला मोकळीक मिळाली. २०२४ मध्ये, न्यायालयात मार खाल्ल्यावर, अभ्यासात पात्र असेल तर कितीही वेळा बदला, इथवर गाडी आली. पैसा आणि मोकळं दार एकाच वेळी मिळालं, म्हणून हा बाजार इतक्या वेगानं तापला.

जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी हाउस खटल्यातल्या तडजोडीवर शिक्कामोर्तब केलं. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई, आणि यापुढे विद्यापीठं थेट खेळाडूंना पैसे देणार. पहिल्या वर्षी एका विद्यापीठासाठी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा. ग्रँट हाउस, ज्याच्या नावानं हा खटला ओळखला जातो, तो जलतरणपटू. भरपाईच्या वाटपात सुमारे तीन चतुर्थांश रक्कम मात्र फुटबॉलच्या वाट्याला. पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स हे खेळ विद्यापीठांच्या ताळेबंदात खर्चाच्या बाजूलाच असतात, म्हणून कात्री त्यांच्यावर चालण्याची भीती आहे. अमेरिकेच्या ऑलिंपिक पथकातला मोठा वाटा याच विद्यापीठांतून घडतो, तेव्हा ही चिंता त्या देशापुरती लहान नाही. या तडजोडीनं फुटबॉल संघही १०५ जणांवर आणला. शिष्यवृत्तीशिवाय, निव्वळ हौसेनं घाम गाळणाऱ्या मुलांना घरचा रस्ता दाखवला जाऊ लागला, तेव्हा विल्केन यांनी आक्षेप घेऊन त्यांच्यासाठी सवलत मिळवली. मला या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत माणुसकीची गोष्ट वाटते.

पैसे येतात कुठून, हेही पाहू. टेनेसीनं २०२५ च्या तिकिटांवर दहा टक्के ‘टॅलेंट फी’ लावली. व्हर्जिनियातल्या जेम्स मॅडिसन विद्यापीठात खेळांचा मोठा भार विद्यार्थ्यांच्या फीवर आहे. त्या पैशातून संघ उभा राहिला. मग प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी इंडियाना विद्यापीठात गेले आणि त्यांच्यामागोमाग डझनभर खेळाडूही गेले. अमेरिकेत मूल शिकायला पाठवणाऱ्या आपल्याकडच्या आई-बापांनी फीचं बिल आलं की ‘ॲथलेटिक्स फी’ ही ओळ आहे का, हे जरूर बघावं.

याच इंडियानाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी अन्याय करीन. एके काळी सर्वाधिक पराभवांसाठी ओळखला जाणारा हा संघ जानेवारी २०२६ मध्ये मायामी विद्यापीठाला २७-२१ असं हरवून राष्ट्रीय विजेता झाला, एकही सामना न गमावता. क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोसा कॅलिफोर्नियाच्या बर्कलीतून आला होता, पण त्यानं तिथली पदवीही पुरी केली. जुन्या नियमांत असा संघ उभा राहणं केवळ अशक्य होतं. मोठी नावं कायम मोठीच राहायची. मोकळं दार वाईट नाही. मेंडोसानं ते ओलांडताना पदवी सोडली नाही. जो तीन वर्षांत तीन विद्यापीठं बदलतो, त्याचे आधीचे क्रेडिट नवं विद्यापीठ धरेलच असं नाही, आणि अशांतले फार थोडे पुढे व्यावसायिक संघांत जातात. बाकीच्यांपैकी काहींना बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी पदवीवाचून नोकरी शोधावी लागते.

निष्ठेचं प्रवचन देणाऱ्यांनी आधी प्रशिक्षकांकडे पाहावं. नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी लेन किफिन यांनी ओल मिस विद्यापीठ सोडलं आणि एलएसयू हे दुसरं विद्यापीठ गाठलं, तेव्हा त्यांचा संघ राष्ट्रीय बाद फेरीच्या उंबरठ्यावर होता. २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एमनं जिंबो फिशर यांना काढलं, तेव्हा करारापोटी त्यांचं साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागत होतं. काम गेलं तरी पैसे बुडाले नाहीत, कारण हातात पक्का करार होता.

खेळाडूचं तसं नाही. २०२४ मध्ये लास वेगासच्या यूएनएलव्हीचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लुका तीन सामने जिंकून संघ सोडून गेला. एक लाख डॉलरचा शब्द तोंडी दिला होता, तो पाळला नाही, हे त्याच्या बाजूचं म्हणणं. विद्यापीठानं ते मान्य केलं नाही. खरं कोण, हे ठरवायला कागदच नव्हता. आपल्या आयपीएलमध्ये लिलावाचा आकडा सगळ्यांसमोर पुकारला जातो आणि त्यामागे लेखी करार असतो. इथे व्यवहार बंद दाराआड आणि आकडे अफवांतून. एनएफएल या व्यावसायिक फुटबॉलच्या लीगमध्येही पगाराची मर्यादा आहे, पण ती खेळाडूंच्या संघटनेशी वाटाघाटी करून ठरते. कॉलेजच्या खेळाडूंना मात्र अशी संघटनाच नाही. २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्नच्या खेळाडूंनी युनियनसाठी अर्ज केला. कामगार मंडळाच्या स्थानिक अधिकाऱ्यानं त्यांना कर्मचारी मानलं, पण २०१५ मध्ये राष्ट्रीय मंडळानं हा विषय हातात घ्यायलाच नकार दिला.

मला यातून एकच रास्त वाट दिसते: खेळाडूला कर्मचारी म्हणा, त्याला संघटना करू द्या आणि दोन-तीन वर्षांचा लेखी करार द्या. करारात दुखापतीची जबाबदारी असू द्या, आणि खेळ संपल्यावर पदवी पुरी होईपर्यंतची फीसुद्धा. असा करार असेल तर अगिलारसारख्याला कुणी चार महिन्यांत बिऱ्हाड उचलायला लावणार नाही, आणि निकोसारख्यालाही ऐन सत्रात निघून जाता येणार नाही. अमेरिकन काँग्रेसपुढे २०२५ मध्ये आलेल्या स्कोअर विधेयकात मात्र कॉलेज खेळाडूंना कर्मचारी मानू नये असं कलम घातलेलं आहे. ते कलम काढून टाकलं पाहिजे.